निळं टिपाड आणि जस्ताची कांडी

“ठिबक तुंबलं असं म्हणायचं नाय,” राकेश म्हणाला. “दुसरं काय वाट्टंल ते म्हण. मला म्हण, माझ्या खानदानाला म्हण. पण माझ्या दुकानातलं ठिबक तुंबलं असं म्हणायचं नाय.”

“मग पाणी उतरलं का नाही?” ज्योत्स्नाने विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसलेल्या जानकाबाईंनी मान वर केली. खानदान म्हणून त्या घरात सध्या त्या एकट्याच शिल्लक होत्या, आणि आपल्याला कुणी काही म्हणणार असेल तर ते ऐकू यावं अशी त्यांची माफक अपेक्षा होती. पण सुनेने खानदानाला हात घातला नाही. ती टिपाडाच्या तळाशी लावलेल्या इवल्याशा काळ्या ठिबककडे डोळे बारीक करून बघत होती, आणि राकेश स्वतःच्या पोराला कुणी नापास केल्यासारखा तिच्याकडे बघत होता.

पिंपळवंडीतल्या बाकीच्या घरांत नवरा-बायको माहेरावरून भांडतात, भाजीतल्या मिठावरून भांडतात. या घरात गेले काही महिने भांडण ठिबकवरून होतं. राकेशचं नारायणगावात ठिबक सिंचनाचं दुकान. निमगाव सावापर्यंतचे टोमॅटोवाले आणि द्राक्षवाले त्याच्याकडून नळ्या नेतात, आणि नेताना चहाही पिऊन जातात. ज्योत्स्ना तिथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करते. सुनेला उरलेला वेळ किती असतो, ते ज्याने त्याने आपापल्या घरी बघावं.

पीएच.डी.चा विषय जानकाबाईंना कळला नव्हता असं नाही. चांगला कळला होता. सून मागच्या खोलीत जस्त वितळवते आणि ते परत गोठवते, एवढाच तो विषय. “जे आधी व्हतं त्येच परत व्हतंय,” असं त्या शेजारच्या कुशाबाईला सांगत. “मंग एवढा आटापिटा कशापायी, ते काय मला इचारू नगं.”

मागच्या खोलीतला थाट मात्र बघण्यासारखा होता. मधोमध एका घट्ट स्टँडवर काचेची नळी उभी, खालचं टोक पेन्सिलीसारखं निमुळतं. नळीत जस्त. तिच्याभोवती मातीच्या जाड नळकांड्याला तार गुंडाळून केलेली भट्टी, वरून दोरीने टांगलेली. दोरी दोन कप्प्यांवरून जाऊन कोपऱ्यातल्या निळ्या टिपाडात उतरलेली. टिपाडात काठोकाठ पाणी, पाण्यावर एक बंद डबा तरंगतोय आणि डब्यावर दगड. टिपाडाच्या बुडाशी राकेशच्या दुकानातलं ठिबक. त्यातून थेंब थेंब पाणी खिडकीबाहेरच्या कढीपत्त्याला जायचं. पाणी उतरलं की डबा उतरायचा, डबा उतरला की दोरी ओढली जायची, आणि भट्टी मुंगीच्या पावलाने वर सरकायची. भट्टी वर गेली की खालून जस्त गोठत यायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे जमत नव्हतं, कारण ती हायवेला लागून. टोमॅटोचा ट्रक गेला की कपाटातल्या परीक्षानळ्यासुद्धा नाचायच्या. मोटर लावून बघितली तर मोटर हिसके देई. पाण्याला हिसका नसतो. ही युक्ती ज्योत्स्नाची होती, पण ठिबक आपलं असल्यामुळे राकेश चारचौघांत “आम्ही पीएच.डी. करतोय” असं म्हणत असे.

सगळं बरोबर होतं. फक्त कांडी बरोबर येत नव्हती.

दोन दिवस भट्टी चालायची. मग काच अलगद फोडून आतली वीतभर कांडी ज्योत्स्ना पातळ ॲसिडमध्ये बुडवायची, धुवायची, उजेडात धरायची. आणि तिचा चेहरा पडायचा. “बादलीच झाली,” ती म्हणायची.

‘बादली झाली’ म्हणजे काय, ते जानकाबाईंना त्या दिवशी कळलं. ठिबकच्या भांडणात दोघंही दमली, राकेश तणतणत दुकानात गेला, आणि ज्योत्स्ना सासूसमोर येऊन फरशीवर बसली. तिने लसणाची एक पाकळी उचलली आणि न सोलताच खाली ठेवली.

“बादली मंजी काय गं?” जानकाबाईंनी विचारलं. “माझ्या बादलीचं काय काढलंस?”

ज्योत्स्नाने न्हाणीतून त्यांची जुनी जस्ती बादली आणली. घरात प्लास्टिकच्या बादल्या आल्या, गेल्या, फुटल्या; ही जानकाबाईंच्या तरुणपणची, अजून ठणठणीत. ज्योत्स्नाने ती उन्हात तिरकी धरली.

“हे चट्टे दिसतात ना, आई? एक चकचकीत, एक मळकट, एक मधला?”

“जल्मापासनं हायेत ते. घासून जात न्हाईत.”

“जाणारच नाहीत. जस्त गोठताना ते एकाच वेळी दहा जागी गोठायला लागतं. प्रत्येक जागचे कण आपापल्या रांगेत उभे राहतात. कुणाची रांग इकडे तोंड करून, कुणाची तिकडे. एकेक चट्टा म्हणजे एकेक रांग. मला अशी कांडी पाहिजे, की जिच्यात सगळ्या कणांची रांग एकच असेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“नळावरल्यावानी.”

“हो, नळावरच्यासारखी. पहिली बाई उभी राहिली की बाकीच्यांनी तिच्या मागे उभं राहायचं. म्हणून नळीचं टोक एवढं बारीक केलंय. तिथे एकच बाई मावते.”

“मंग कुणीतरी मधीच घुसतंय,” जानकाबाई जाणकारपणे म्हणाल्या. नळावर त्यांनी अशा पुष्कळ जणी बघितल्या होत्या.

“तेच तर कळत नाही. एका दिवसात भट्टी अर्ध्यापर्यंत वर जायला हवी. येऊन बघावं तर ती खालीच. होती तिथेच, आई! मग शेवटी भट्टी विझवली की सगळं जस्त एकदम गोठतं आणि त्याचा काला होतो. मी टिपाड काठोकाठ भरून जाते, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर काठोकाठच. एवढ्या वेळात निम्मं तरी उतरायला हवं. म्हणजे ठिबक तुंबलं, दुसरं काय? पण यांना बोललं की यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.”

जानकाबाईंच्या हातातली पाकळी हातातच राहिली.

कारण टिपाड काठोकाठ का असायचं, ते साऱ्या पिंपळवंडीत एकाच माणसाला माहीत होतं.

झालं होतं ते असं. गावचा पाणीवाला गेणू एक दिवसाआड अकराच्या सुमाराला त्यांच्या गल्लीचा व्हॉल्व्ह सोडतो. त्या वेळी ज्योत्स्ना कॉलेजात, राकेश दुकानात. पाणी आल्याचा ओरडा झाला की जानकाबाई उठत. घागर, कळशी, पातेली, तांबे, सगळं भरत. आणि एवढं करून मागच्या खोलीत डोकावलं तर तिथे भलंमोठं टिपाड निम्मं रिकामं! नळाला पाणी आणि घरात रिकामं भांडं! त्यांनी गपचूप अर्धी अर्धी कळशी नेऊन ते पार गळ्यापर्यंत भरलं. आल्या-गेल्या पाव्हण्या-रावळ्यांनाही त्या सांगत, की आमची सून शिकलेली हाय, पण पाण्याचं तिला ध्यान नाय.

सून जाताना रोज बजावून जायची, “आई, भट्टीला हात लावायचा नाही.” जानकाबाईंनी भट्टीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. टिपाडाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आता हे त्याच क्षणी सांगून टाकायला काय हरकत होती, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण त्यात एक गोम होती. मागल्या वर्षी भरलेला हंडा घेऊन त्या न्हाणीच्या पायरीवर घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. ते बसलं, पण वाकडं बसलं. तेव्हापासून राकेशने गच्चीवर टाकी बांधली, पंप लावला आणि हुकूम सोडला, की आईने पाण्याचं भांडं उचलायचं नाही. पीठ मळायला बाई आली. धुण्याला मशीन आलं. जो तो म्हणायचा, “आई, तुमी बसा.” बसून बसून जानकाबाईंना जीव नकोसा झाला होता. दिवसाआडची ती अर्धी-अर्धी कळशी म्हणजे त्यांचं उरलेलं एकमेव काम, आणि तेही चोरून. ते कळलं असतं तर गेलं असतं.

आणि पाणी हे काही त्यांना साधं काम नव्हतं. लग्न होऊन त्या या गावात आल्या तेव्हा गावच्या विहिरीवर त्यांच्या माणसांना चढू देत नसत. ओढ्यातला झिरा हातांनी उकरायचा, वाटीवाटीने बादली भरायची, आणि ती डोक्यावर घेऊन चढण चढायची. पुढे वस्तीची स्वतःची विहीर झाली, मग हापसा, मग नळ. नळाच्या पहिल्या दिवशी जानकाबाईंनी घरातली वाटी न् वाटी भरून ठेवली होती. सासरे भागुजी हसले होते आणि मग त्यांचेच डोळे भरून आले होते. तेव्हापासून वाहत्या नळासमोर रिकामं भांडं बघणं त्यांना सोसत नव्हतं. जित्याची खोड, दुसरं काय.

त्यामुळे जानकाबाई मूग गिळून बसल्या. मनाशी एवढंच ठरवलं, की यापुढे टिपाडाला हात लावायचा नाही; म्हणजे कांडी आपोआप होईल आणि विषय मिटेल. ठरवणं सोपं होतं. पुढच्या खेपेला नळाची धार सुरू झाली, सगळी भांडी भरून झाली आणि त्या नुसत्या बघायला म्हणून मागच्या खोलीत गेल्या. नुसत्या बघायला. भानावर आल्या तेव्हा हातात रिकामी कळशी होती आणि टिपाड गळ्यापर्यंत.

पुन्हा बादली झाली.

या वेळी मात्र प्रकरण चिघळलं. पुण्याहून ज्योत्स्नाच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. मुदत आता वाढून मिळणार नव्हती. यंदा कांडी झाली तर झाली, नाहीतर नाव कटणार. ज्योत्स्नाने फोन ठेवला आणि ठिबककडे बोट दाखवलं. राकेशने ते आदल्याच दिवशी नवंकोरं लावलं होतं. त्याचा तोल गेला.

“जुन्नर तालुक्यात माझ्याबद्दल कुणी असं बोललं न्हाई!” तो गरजला. “वीसवीस एकरांच्या बागा भिजतात माझ्या ठिबकवर, आन् तुझं एक टिपाड उतरंना? तुझं गणितच चुकलंय!”

“माझं गणित?” ज्योत्स्ना शांतपणे म्हणाली. ती चिडली की ओरडायची. शांत झाली की घाबरावं असा घरातला अनुभव होता. “बरोबर आहे. माझंच चुकलं. सातवीपासून फिजिक्स फिजिक्स केलं तेच चुकलं. आत्ताच भट्टी सोडते. टिपाड तुमच्या दुकानात न्या, त्यात पाइप ठेवा.”

ती मागच्या खोलीत गेली आणि खरोखरच दोरीची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना, तशी तिने दातांनी ओढायला घेतली. जानकाबाई दारातून बघत होत्या. लग्न होऊन आली तेव्हा ही पोर बीएस्सीचं पुस्तक चुलीपुढे धरून वाचायची. भाकरी करपायची, आणि जानकाबाई करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायच्या. भाकरी करपली तरी हिचं पुस्तक चालू राहिलं पाहिजे, असं त्यांनी तेव्हा ठरवलं होतं. ते काय आज टिपाडात बुडवायचं?

“गाठ सोडू नगं,” त्या म्हणाल्या.

“आई, तुम्ही बसा.”

“न्हाई बसणार. बसवून बसवून माझी पार मूर्ती केलीत तुमी. ऐक. ठिबक न्हाई तुंबलं. पाणी म्या घातलं.”

ज्योत्स्नाने दातांतली दोरी सोडली आणि वळून बघितलं.

“भट्टीला हात न्हाई लावला,” जानकाबाई घाईने म्हणाल्या. “तुझी शप्पत. निस्तं पाणी घातलं. टिपाड रिकामं व्हत व्हतं, आन् नळ चालू.”

“किती वेळा?” ज्योत्स्नाने विचारलं.

“दर बारीला.”

“किती घातलं?”

“गळ्यापतूर. मी काय अर्धवट भरते व्हय?”

यावर सगळ्यात आधी हलला तो राकेश. त्याने दोन्ही हात वर केले. “बघ! बघ! तुंबलं नव्हतं! म्या सांगत व्हतो का न्हाई?” असं म्हणून त्याने आईला मिठीच मारली. तालुक्यातली त्याची अब्रू परत आली होती. मिठी मारता मारता त्याच्या डोक्यात दुसरा उजेड पडला. “आई, तू कळशी उचलली? त्या हातानं?”

“अर्धी,” जानकाबाई म्हणाल्या.

ज्योत्स्नाला राग आला होता, आणि तो यावा असाच होता. तिने दोघांनाही बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. जेवायला आली नाही. जानकाबाईंनीही ताटाला हात लावला नाही. राकेश मात्र बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

सकाळी दार उघडलं. ज्योत्स्नाचे डोळे सुजले होते. तिने बैठकीतलं लाकडी स्टूल उचललं, मागच्या खोलीत टिपाडाशेजारी नेऊन ठेवलं आणि सासूला हाक मारली.

“आई, मी आज परत भट्टी लावते. ही शेवटची. उद्या पाणी येईल तेव्हा तुम्ही इथे बसायचं.”

“आन्?”

“आणि पाणी घालायचं नाही. कुणाला घालू द्यायचं नाही. टिपाडाला धक्का लागता कामा नये. धक्का लागला तरी बादली होते.”

“माझ्यावर सोडतीस? येवढं करून?”

“मी कॉलेजात, हे दुकानात. दुसरं कोण आहे?” ज्योत्स्ना म्हणाली, आणि मग जरा थांबून, “आणि टिपाडाकडे तुमच्याएवढं लक्ष कुणाचं असतं?”

दुसऱ्या दिवशी अकराला गेणूने व्हॉल्व्ह सोडला. नळाने आधी फुस्स केलं, मग गुळणी टाकली, मग धार लागली. “पाणी आलं गं!” गल्लीत ओरडा झाला. भांड्यांचे आवाज सुरू झाले. जानकाबाई स्टुलावर बसून होत्या. समोर टिपाड निम्म्यावर आलेलं. आतल्या निळ्या भिंतीवर ओली रेघ होती आणि पाणी तिच्या बरंच खाली गेलं होतं. बाहेर धार वाहत होती. फुकट वाहत होती. त्यांनी डोळे मिटले तर आवाज मोठा झाला. उघडले तर टिपाड दिसलं. शेवटी त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि वर आपलं सगळं वजन ठेवलं. बिडी सोडताना भागुजी असेच बसायचे, हे त्यांना आठवलं. ती काही सुटली नव्हती.

हातांचा बंदोबस्त झाला, पण कुशाबाईचा कोण करणार? ती मागल्या दाराने आली, कमरेवर भरलेला हंडा घेऊन. वयाने जानकाबाईंच्या बरोबरीची, पण अजून दोन हंडे उचलणारी. शेजारणीचा हात अधू झाला तेव्हापासून तिने हे पुण्य आपल्याकडे घेतलं होतं.

“जानके, अगं नळ चाललाय आन् तू इथं समाधी लावून बसलीस?” तिने खोलीत डोकावलं. “आगं बया! टिपाड तळाला गेलंय की! सर, वतते.”

जानकाबाई विजेसारख्या उठल्या आणि दारात आडव्या झाल्या. “हळू बोल,” त्या कुजबुजल्या. आवाजानेही कण हलत असतील, असा त्यांचा अंदाज होता. “न्हाई वतायचं.”

“का?” कुशाबाईही कुजबुजली. का कुजबुजायचं ते तिला कळलं नव्हतं.

“ते रिकामंच व्हयाला पायजे.”

“पाणी सांडून द्यायचं? आन् नळ चालू असताना?” कुशाबाईने हंडा या कमरेवरून त्या कमरेवर घेतला. “तुला ऊन लागलंय जानके. बाजूला हो.”

“सुनेची कांडी बिघडंल.”

“कांडी कसली? एवढं शिकून जस्तच वितळवती ना? नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा! सर.”

कुशाबाईने एक पाय आत टाकला. एरवी जानकाबाईंनी तिला ढकललं असतं. तेवढी मैत्री होती. पण ढकलाढकलीत टिपाडाला धक्का लागला तर? त्यांनी उंबऱ्यावर बसकण मारली, पाय पसरले आणि दोन्ही हात चौकटींना लावले.

“कुशे, तुला वतायचंच आसंल तर माझ्या डोक्यावर वत. आत न्हाई जाऊ देणार.”

आता कुशाबाईपुढे पेच होता. भरलेला हंडा परत न्यायचा ही तिच्या लेखी नामुष्की. शिवाय कंबर भरून आली होती. तिने शेजारणीकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं, आणि “तुझ्या मनासारखं व्हऊ दे,” असं म्हणून तो खरंच तिच्या डोक्यावर रिता केला.

दुपारी ज्योत्स्ना धावतच घरी आली. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. नखशिखान्त भिजलेल्या, केस कपाळाला चिकटलेले, लुगडं अंगावरच निम्मं वाळलेलं, हात अजून चौकटींना. ज्योत्स्नाने त्यांच्या डोक्यावरून आत बघितलं. टिपाडात पाणी जिथे असायला हवं तिथेच होतं. भट्टी जिथे असायला हवी तिथेच होती.

“हे काय झालं, आई?”

“थेंब न्हाई जाऊ दिला आत,” जानकाबाई म्हणाल्या, आणि शिंकल्या. शिंकताना मात्र त्यांनी तोंड अंगणाकडे केलं.

ज्योत्स्नाने पदराने त्यांचं डोकं पुसायला घेतलं. पुसता पुसता ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. जानकाबाईंना ती का रडतेय ते कळलं नाही. पण तिचा राग गेला एवढं कळलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

कांडी निघाली. ॲसिडमधून काढून ज्योत्स्नाने ती खिडकीपाशी धरली. चट्टा नव्हता. ती हळूहळू फिरवली, तशी कांडी आधी मळकट दिसली, आणि मग एका क्षणी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम लखलखली.

“एकच रांग,” जानकाबाई म्हणाल्या.

राकेशने सवयीने हात पुढे केला. आजवर फसलेली प्रत्येक कांडी तो दोन बोटांनी वाकवून बघायचा. ती वाकायची नाही, आणि मग तिची रवानगी कुठेतरी व्हायची. एक मागच्या दाराला अडसर म्हणून होती, एक मिरच्या कुटायला. पण ज्योत्स्नाने त्याच्या हातावर चापट मारली. “एकसंध असेल तर ही बोटांनी वाकते. पण एकदाच. मग ती पहिल्यासारखी राहत नाही. आधी पुण्याला जाऊ दे. तिथे एक्स-रे काढतील.”

“का गं?” जानकाबाईंनी आपलं मनगट धरलं. “पडली का काय कुठं?”

एक्स-रेचा निकाल यायला त्यांच्या मनगटाच्या एक्स-रेपेक्षा पुष्कळ जास्त दिवस लागले. आला तो चांगला आला. सरांनी फोनवर ‘उत्तम’ असा शब्द वापरला. सर असा शब्द वापरतात हे ज्योत्स्नाला माहीत नव्हतं. आता तशाच आणखी कांड्या हव्या होत्या. पुण्याहून आली त्याच संध्याकाळी तिने पहिली कांडी कापसातून काढली आणि जानकाबाईंच्या हातात ठेवली.

“वाकवा.”

“म्या? माझ्याच्यानं फडकं पिळवत न्हाई.”

“वाकवा तर खरं.”

“एकदाच वाकती म्हनलीस. मंग तू वाकव. न्हाईतर राक्याला दे.”

“हिचं पुण्यातलं काम झालं. ही आता तुमची आहे. वाकवा.”

जानकाबाईंनी कांडी दोन्ही हातांत धरली. उजवं वाकडं मनगट, डावा हात सांध्यांत सुजलेला. पेन्सिलीएवढं जाड जस्त. यांच्याच बादलीचं भाऊबंद. त्यांनी दाबून बघितलं, आणि दचकल्या. ती वाकत होती. मेणासारखी मऊ, बारीक करकर असा आवाज करत, कुठेही न अडखळता ती त्यांच्या हातांचं ऐकत होती. राकेश तोंड उघडं टाकून बघत राहिला. कांडीची कमान झाली तेव्हा जानकाबाई थांबल्या.

“आता सरळ करू?”

“नाही होणार.”

त्यांनी करून बघितली. झाली नाही. मघाचं मेण आता निब्बर झालं होतं. त्यांचा चेहरा उतरला. “मंजी परत म्याच बिघडवली?”

“नाही, आई,” ज्योत्स्ना म्हणाली. “परीक्षा होती ती. पास झाली.”

पुढच्या नळाच्या दिवशी मागच्या खोलीत नवी कांडी लागलेली होती. जानकाबाई स्टुलावर होत्या, मांडीवर ती कमान. कुशाबाई आली. आता ती हंडा दाराबाहेर ठेवूनच आत यायची आणि बोलायची ते कुजबुजूनच.

“ह्या हातांनी वाकवलं,” जानकाबाईंनी दाखवलं.

“जस्त? चल, थापा मारू नगं.” कुशाबाईने कांडी घेतली. दोन हंडे उचलणारी ती बाई. तिने कांडी गुडघ्यावर घेतली, ओठ दाबले, जोर लावला. चेहरा लाल झाला. कांडी तसूभर सरळ झाली नाही.

“राहू दे, कुशे,” जानकाबाई म्हणाल्या. “ती आता अशीच ऱ्हायाची.”

बाहेर गेणूने व्हॉल्व्ह सोडला. “पाणी आलं गं!” ओरडा झाला आणि कुशाबाई धावली. गल्लीतलं एकेक भांडं भरत गेलेलं जानकाबाईंना बसल्या जागी ऐकू येत होतं. पत्र्याचं कोणतं, पितळेचं कोणतं, कुणाचं भरून सांडतंय, तेसुद्धा. त्या उठल्या नाहीत. कांडी पदराने पुसून त्यांनी परत मांडीवर ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले, आणि टिपाडातलं पाणी उतरताना बघत राहिल्या.